बटणावरची खाच

मल्लाप्पा काकांनी माझ्या वडलांना फसवलं. हुपरीच्या एका घरालाही फसवलं, पण आपल्याला नेमकं कुणी फसवलं हे त्या घराला कधी कळलंच नाही. त्यांना वाटत राहिलं की चूक माझ्या वडलांची. वडील गेले, काका गेले, आणि आता ह्या गोष्टीवर माती पडली असं आमच्या भावकीनं आपापसात ठरवून टाकलंय. मला कुणी विचारलं नव्हतं. लग्नात, बारशात, मठातल्या जेवणाच्या पंगतीत कुणी ना कुणी म्हणतंच, "गंगाक्का, जाऊ दे की आता." जाऊ देण्याएवढं माझं मन मोठं नाही, आणि तसं असल्याचा आवही मी आणत नाही. जे झालं ते लिहून ठेवते.

मंगळवार पेठेतल्या एका अरुंद बोळाच्या शेवटी आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या आणि मागं परसू. खोल्यांपेक्षा परसूच मोठा. आप्पा, म्हणजे माझे वडील, उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. हात असा की कागदाच्या जाडीएवढा फरक नुसत्या बोटानं सांगायचे. पण मालकाशी त्यांचं बिनसलं. एका कामाचं माप चुकलं होतं, चूक मालकाच्या मेहुण्याची, आणि मालकानं सगळ्यांदेखत बोल लावला तो आप्पांना. आप्पांनी हातातली कानस खाली ठेवली, हात धुतले आणि घरी आले ते परत गेले नाहीत. त्यांचा राग माझ्यात उतरलाय असं सगळे म्हणतात. फरक एवढाच की आप्पा रागावले की गप्प व्हायचे आणि मी रागावले की सगळा बोळ ऐकायचा.

घरी बसून त्यांनी आधी पंपाचे स्टो दुरुस्त केले, मग गॅसच्या जुन्या शेगड्या. त्या काळी लोक गॅसला नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचे, आणि नंबर लागला की नवी शेगडी घ्यायला हात आखडायचा. उलट ताराबाई पार्कातल्या बंगल्यांत, बदली होऊन निघालेल्या साहेबांच्या घरांत जुन्या शेगड्या अडगळीत पडलेल्या असायच्या. बिडाच्या, जड, इनॅमलचे टवके उडालेल्या, उतू गेलेल्या दुधानं बर्नरची निम्मी भोकं बुजलेल्या. त्या आणायच्या आणि परसात सुट्या करायच्या. अर्ध्या कापलेल्या पिंपात कॉस्टिक सोड्याचं पाणी असायचं, त्यात सांगाडे दोन-दोन दिवस बुडवून ठेवायचे. पाणी काळं पडायचं, वर तेलाचा तवंग यायचा, आणि त्या पिंपाजवळ गेलं की घशात काहीतरी टोचायचं. पितळी बर्नर चिंचेनं घासायचं काम माझं आणि आव्वाचं. आव्वा म्हणजे माझी आई. सायकलच्या चाकाच्या तारेला टोक काढून त्यानं बर्नरचं एकेक भोक मोकळं करायचं. सगळं जोडून झालं की आप्पा रिठ्याचा फेस दाढीच्या ब्रशानं प्रत्येक सांध्याला लावायचे आणि शेगडीपाशी कान नेऊन बसायचे. फेसाला बुडबुडा आला तर गळती. नाही आला तरी ते हलायचे नाहीत. "जे दिसत न्हाई ते ऐकू येतंय," म्हणायचे. तेवढा वेळ परसात कुणी बोलायचं नाही, कुणी भांडं हलवायचं नाही. आजही माझ्या दुकानात कामगार शेगडी तपासताना गप्पा मारायला लागले की मी ओरडते. त्यांना वाटतं म्हातारी चिडकी आहे. आहेच.

शेगड्या विकत आणायचं काम माझं. मी शाळेत गणितात दोनदा नापास झाले होते, पण सौद्यात नाही. ताराबाई पार्कातल्या एका बाईंचा प्रसंग मला अजून आठवतो, कारण त्यांच्याकडची शेगडी मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. वर तीन बर्नर आणि खाली झाकणाचा कप्पा. "परदेशी आहे हो," बाई म्हणाल्या, "खाली ग्रील आहे. छान टोस्ट होतो."

मी झाकण उघडून आत फुंकर मारली. काजळी माझ्याच तोंडावर आली. "टोस्ट कोण खातंय बाई आमच्यात? भाकरी जाईल काय ह्यात?"

"भाकरी नाही गं, पाव."

"मग ज्या देशात पाव खात्यात तिकडंच इका की. मी आपला सांगाडा नेतो, मोडीच्या भावानं."

बाई हसल्या. "मुलगी आहेस ना तू? मघापासून 'बघतो', 'नेतो' काय चाललंय?"

"दर ठरवा, लगेच 'नेते' म्हणतो."

मी ती शेगडी नेली, तीही मोडीच्या भावानं, आणि वर त्यांच्याच गड्याकडून हातगाडीवर चढवून घेतली. ग्रीलच्या कप्प्यातला बर्नर लांब पट्टीसारखा होता, वरून खाली आच टाकणारा. आप्पा दोन दिवस त्याच्याकडं नुसते बघत बसले. मग तो काढून, उलटा करून, त्यांनी एका मिसळवाल्याला कटाच्या पातेल्याखाली बसवून दिला. पातेलं ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखं उकळायला लागलं. मिसळवाला पुढं वर्षभर आम्हाला बघितलं की आतून हाक मारायचा. जुन्या वस्तूला तिचं नवं काम शोधून देण्यात आप्पांना जो आनंद व्हायचा तो पैशाचा नव्हता. पैशाचं मी बघायची.

आणि एवढ्या शेगड्यांच्या घरात आव्वा स्वैपाक करायची भुश्याच्या शेगडीवर. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी धरायची, भोवती लाकडाचा भुसा ठोकून ठोकून बसवायचा आणि बाटली अलगद ओढून काढायची. त्या ठक-ठक आवाजानं आम्हाला जाग यायची. कडक भाकरी, शेंगांची चटणी, कुळथाचं माडगं. सगळ्याला धुराचा एक बारीक वास. चाचणीसाठी एका हॉटेलवाल्याकडून मिळवलेला सिलिंडर परसात पत्र्याच्या आडोशाला उभा असायचा. आव्वा त्याला कधी हात लावत नसे. "जाळ दिसतोय तवर आपला. न दिसणाऱ्याचा काय भरवसा?" म्हणायची. सोमवारी देवाला विभूती लावून झाली की बोटाला उरलेली विभूती ती परसात येऊन सिलिंडरला लावायची, आणि मग नळीकडं बघत बघत उलट्या पावली आत जायची.

मल्लाप्पा काका आप्पांचे चुलतभाऊ. रविवार पेठेत राहायचे, तीनचाकी टेम्पो होता, आणि जीभ अशी की समोरच्याला वाटावं ह्या माणसाला आपल्याशिवाय कुणी नाही. आप्पांना ते आण्णा म्हणायचे. एक दिवस ते आले आणि पायरीवर बसूनच बोलायला लागले. "आण्णा, गावागावात गोबर गॅसचे खड्डे खणायला लागल्यात. शेणातनं गॅस. पर शेगड्या न्हाईत माणसांकडं. तुमी जुन्या शेगड्या त्या गॅसवर चालवून द्या, पोचवायचं मी बघतो. एकट्या कोडोलीत धा-बारा घरं तयार हायती."

आप्पांना त्यातलं काम आवडलं. शेणाच्या गॅसला सिलिंडरच्या गॅससारखा जोर नसतो. सिलिंडरच्या शेगडीत जेटचं, म्हणजे गॅस जिथून सुटतो त्या पितळी टोकाचं, भोक सुईच्या नेढ्याएवढं असतं. गोबर गॅसला ते वाढवून मोहरीएवढं करायचं, आणि हवेची फट बारीक करायची. ऐकायला एवढंच. पण ते करून बघायला शेणाचा गॅस पाहिजे, आणि मंगळवार पेठेत तो आणणार कुठून? त्यावर काकांनीच तोड काढली. कोडोलीच्या एका खड्ड्यावरून त्यांनी ट्रकची आख्खी ट्यूब गॅसनं भरून टेम्पोतून आणली. बोळातून ती आत येईना, तेव्हा चौघांनी डोक्यावर धरून आणली. परसात ती ठेवली, वर फळी टाकली, फळीवर दोन दगड. दगडांच्या वजनानं गॅस नळीतून शेगडीकडं जायचा आणि ट्यूब हळूहळू खाली बसत जायची. काळी, जाड, पोट भरून पडलेल्या जनावरासारखी. कुजकट वास यायचा. शेजारचं कुत्रं रोज आमच्या परसात येऊन झोपायचं, ते त्या दिवसापासून कुंपणाशीच थांबून ट्यूबकडं बघत उभं राहायला लागलं.

पहिली शेगडी लावली तेव्हा ऊन होतं. आप्पांनी काडी लावली आणि काहीच दिसलं नाही. काका म्हणाले, "पेटली न्हाई." आप्पांनी वर तळहात धरला आणि झटक्यात मागं घेतला. जाळ होता, पण उन्हात दिसत नव्हता. वर पातेलं ठेवलं, आणि थोड्या वेळानं पाणी कुठंही आग दिसत नसताना उकळायला लागलं. आव्वा दारात उभी होती. ती म्हणाली, "हे जनावर माझ्या दारातनं काढा," आणि आत गेली.

काका शेगडीभोवती फिरत होते. मग त्यांनी विचारलं, "आन् हीच शेगडी शिलिंडरला लावली तर वो?"

"मल्लू, इच्चारू बी नगंस."

"न्हवं, जाळ मोठा हुईल एवढंच की. मोठ्या जाळाला कोण रडतंय व्हय?"

आप्पांनी हातातला पाना खाली ठेवला. "जाळ न्हाई, लोट येईल. म्होरं जे माणूस हुबं असंल ते जळंल. कळलं?"

"कळलं की," काका म्हणाले.

मी तिथून तीन हात अंतरावर चिंच घेऊन बसले होते. हे शब्द मी ऐकलेत, कुणाकडून कळलेले नाहीत. काकांना माहीत नव्हतं असं पुढं जे जे म्हणाले, त्यांच्यासाठी हे इथं लिहिलंय.

आता माझ्या वाट्याचं. उद्यमनगरात लेथवाल्यांची एक रीत होती: एखाद्या कामाचं भोक मापापेक्षा मोठं झालं तर कानशीनं त्यावर खाच मारायची, म्हणजे अंधारात नुसता हात लावला तरी कळावं की हे नेहमीच्या मापाचं नाही, हे इतरांत मिसळायचं नाही. आप्पांनी ठरवलं की गोबर गॅसच्या प्रत्येक शेगडीवर तीन खाचा मारायच्या. कोडोलीत काकांनी सगळ्यांना सांगायचं, तीन खाचांची शेगडी सिलिंडरला लावायची नाही. आप्पांनी तिधारी कानस घेतली आणि शेगडीच्या पुढच्या पट्टीवर, इनॅमलवर टेकवली. मी ओरडले. ती पट्टी चकचकीत करायला माझे चार दिवस गेले होते.

"आप्पा, इनॅमल फुटलं की गिऱ्हाईक भाव पाडतंय. बटणावर मारा की. बटण हातात धरल्याबिगर शेगडी कोण पेटवतंय?"

बटणं आप्पा स्वतः पितळेची करून बसवायचे, जुनी मोडकी फेकून. त्यांनी बटणाकडं बघितलं. "बटण निघतंय गं."

"कोण काढतंय? कशाला काढंल?"

आप्पांनी कानस पट्टीवरून उचलली. मग हसले आणि म्हणाले, "तुझ्याशी घासाघीस करण्यापेक्षा मोडीवाल्याशी केलेली बरी." आणि बटणावर तीन खाचा मारल्या. मी जिंकले. माझ्या आयुष्यात मी जिंकलेला तो सगळ्यात वाईट सौदा.

शेगड्या कोडोलीला गेल्या. थंडी पडली. थंडीत दोन घरांच्या खड्ड्यांत गॅस धरेना, त्यांनी शेगड्या परत केल्या. त्या दोन शेगड्या काका टेम्पोतून आणणार होते. आठ दिवस झाले, पंधरा झाले. आप्पा विचारायचे, "मल्लू, दोन शेगड्या?" एकदा काका म्हणाले टेम्पोत जागा नव्हती. एकदा म्हणाले पावण्यांच्या माळ्यावर ठेवल्यात. तिसऱ्यांदा म्हणाले, "इकल्या की आण्णा. गोबर गॅसवाल्यालाच दिल्या."

"कुठल्या गावात?"

"तुमी बी काय पोलिसागत इच्चारताय! तुमचं पैसं पोचलं न्हवं?"

त्यानंतर आप्पांचं जेवणावरचं लक्ष उडालं. भाकरीचा तुकडा हातात धरून कुठंतरी बघत बसायचे. काम चालू असताना मधेच थांबून कान द्यायचे, जणू कुठंतरी गळती आहे आणि सांधा सापडत नाही. एक दिवस न सांगता एसटीनं कोडोलीला जाऊन आले. आव्वानं पाणी दिलं, ते त्यांनी उभ्यानंच प्यायलं. "तिथनं त्यानं कवाच नेल्यात," एवढंच बोलले. परसातली ट्यूब आता रिकामी होऊन भिंतीवरच्या खिळ्याला लोंबत होती. तिच्याखालून जाताना आव्वा डोक्यावर पदर ओढून घ्यायची. मी तिला हसले होते. आज हसू येत नाही.

ते लोक आले ती दुपारची वेळ होती. त्याआधी अर्धा तास काका एकटेच आले, आप्पांना घेऊन परसाच्या टोकाला गेले आणि हळू आवाजात काहीतरी बोलत राहिले. मी आत दुधाचं पातेलं धूत होते. आव्वा न्हाणीत होती, परसाच्या टोकाला लागून. मी मधे एकदा डोकावून बघितलं तर आप्पा खाली बसले होते आणि काका उभे. मग बोळात पावलं वाजली. हुपरीचे तिघं होते. दोघांनी पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी धरलं होतं, तिसरा वयस्क, अंगात पांढरी बंडी, चांदीचं काम करून बोटांची टोकं भाजून गुळगुळीत झालेली. त्यानं आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानं नाही चढवला.

पोतं उघडलं. पुढची पट्टी, जी मी चार दिवस घासली होती, ती काळी पडून फुगली होती.

"पावणं," म्हातारा म्हणाला, "ही मल्लाप्पानं आमाला इकली. तुमच्या हातची न्हवं?"

"व्हय," आप्पा म्हणाले.

"चार वर्सांनी आमचा नंबर लागला. परवा शिलिंडर आला. नारळ फोडला, शेगडीला कुंकू लावलं. धाकट्या सुनंच्या हातनं पेटवायची म्हणून तिला म्होरं केली. तिनं काडी धरली आन् बटण फिरवलं. छतापातूर गेला जाळ. तिचं तोंड आन् दोनी हात. थोरल्या दवाखान्यात हाय. जगंल म्हणत्यात."

आप्पा शेगडीपुढं बसले. बर्नर उचलला, जेटवर अंगठ्याचं नख टेकवलं. मग बटणांवरून हात फिरवला. दोन्ही बटणं काळी होती, बाजारात मिळतात तसली, आचेनं थोडी भाजलेली, पण नवी. एकावरही खाच नव्हती. आप्पांनी मान वर करून आधी काकांकडं बघितलं. मग माझ्याकडं. माझ्याकडं बराच वेळ बघितलं.

"भोक मीच वाढवलंय," ते म्हणाले. "चूक माझी हाय."

"आप्पा, बटणं!" मी किंचाळले. "आपली पितळेची हुती, तीन खाचा हुत्या, ही आपली बटणंच न्हवंत! काका, बटणं कुठं हायत? सांगा की! कुठं घातली?"

"आण्णा, पोरीला आवरा," काका म्हणाले. "पावणं दुःखात हायत."

"पावण्यांच्या दुःखात तुमचा हात हाय!"

आप्पा उठले आणि त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. पहिली आणि शेवटची. मला लागलं नाही, इतकी मी चकित झाले. ते म्हणाले, "आत जा, गंगे." मी आत गेले नाही. कुंपणाच्या फटीतून बाहेर पडले आणि पळत सुटले, सरळ रविवार पेठेत, काकांच्या घरी.

दार उघडंच होतं. काकू अंगणात भांडी घेऊन बसल्या होत्या. कुठलातरी सण जवळ आला असावा, कारण सगळं पितळ बाहेर काढलं होतं: समया, ताटल्या, तांबे. चिंचेच्या पाण्याचं पातेलं शेजारी, आणि पाटावर, धुऊन ठेवलेल्या वाट्यांच्या बाजूला आमची बटणं. चार. ऊन पडलं होतं त्यांच्यावर. चारही बटणांवरच्या खाचा मला दारातून दिसल्या. काकूंनी मला बघितलं, मी कुठं बघतेय ते बघितलं, आणि हातातला तांब्या त्या बटणांवर पालथा घातला.

"काकू, त्याखाली काय हाय?"

"कशाखाली गं?"

"तांब्या उचला."

"तुझं डोकं फिरलंय. उनातनं आलीयास, पाणी पी." हात त्यांनी तांब्यावरून काढला नाही. मी पुढं झाले तशी त्या उठल्या, थोरल्या मुलाला हाक मारली, आणि तो आतून आला. तो माझ्यापेक्षा वीतभर उंच होता. मी परत आले.

घरी आले तर सगळं संपलं होतं. त्या म्हाताऱ्यानं पैसे मागितले नव्हते, पोलिसांत जाणार नाही म्हणाला होता. एकच मागितलं: ह्यापुढं कुणाच्या घरात तुमच्या हातची शेगडी जायची नाही. आप्पांनी मठाच्या दिशेला हात जोडून शब्द दिला होता. पिंपातलं काळं पाणी त्यांनी गटारात ओतलं, कानशी फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकल्या. मी बटणांचं सांगितलं. ते म्हणाले, "मला म्हाईत हाय." आणि पुन्हा म्हणाले, "तू कुणाला सांगायचं न्हाई. माझी शपथ हाय." महिन्याभरानं ते एका लाकडाच्या वखारीत वजनकाट्यावर कामाला लागले. कागदाएवढा फरक बोटानं सांगणारा माणूस ओंडके मोजायला लागला.

ते लोक येऊन गेल्यावर चौथ्या दिवशी मी शहाळं घेऊन दवाखान्यात गेले होते. तिचं नाव सुमन. माझ्याच वयाची. दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत, तोंडाला मलम, फक्त डोळे तिचे स्वतःचे राहिलेले. मी कोण ते सांगितलं नाही, ओळखीची आहे म्हणाले. तिनं विचारलं, "बटण मी लई फिरवलं काय वो? समदी म्हणत्यात मी उलटं फिरवलं." तिची सासू कॉटच्या पायथ्याशी बसली होती. मला उत्तर माहीत होतं. आप्पांची शपथ होती, आणि भीतीही होती. खरं सांगायचं तर भीतीच जास्त होती. मी शहाळं खिडकीत ठेवलं आणि निघाले.

आप्पा त्या दिवशी का गप्प राहिले ते मला ते गेल्यावर आव्वानं सांगितलं. न्हाणीत तिनं काकांचा शब्द न् शब्द ऐकला होता. काका म्हणाले होते, "आण्णा, बटणाचं काढलंसा तर मी म्हणणार, खाच बटणावर मारायचं कुणी सुचवलं? गंगीनं. केस झाली तर तिचं नाव बी कागदावर येतंय. पुढच्या म्हैन्यात तिला बघायला येणार हायत न्हवं?" खाच मी सुचवली हे आप्पांनीच कधीतरी कौतुकानं काकांना सांगितलं होतं: पोरगी बघ किती हुशार. मला बघायला आले, लग्नही झालं. आप्पा रविवार पेठेतून वखारीत जायचे तेव्हा काकांच्या दारावरून खाली मान घालून जायचे. लोकांना वाटायचं केलेल्या चुकीची लाज आहे.

काकांनी पुढं स्वतःच शेगड्यांचं दुकान काढलं. त्यांच्या मुलांचा आता कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कारखाना आहे, बर्नर बनवतात. माझ्या दुकानात त्यांचा माल मी ठेवत नाही; त्यांचा विक्रेता येतो, सूट वाढवत जातो, मी हो म्हणत नाही.

गेल्या वर्षी मी सुमनला शोधून काढलं. त्या घरानं तिला वर्षभरात माहेरी पाठवलं होतं. बोटं वाकडी राहिली, पैंजणाच्या कड्या जोडायला येईना, मग तिथं तिचं काय काम? हुपरीजवळच्या एका गावात भावाच्या घरी असते. मी सगळं सांगितलं, माझी खाच आणि काकांची बटणं दोन्ही. ती म्हणाली, "अक्का, तुमी त्यांच्या लेक. तुमी आपल्या बापाचीच बाजू घेणार की. माझ्या सासरचं कोण मानंल हे?"

बरोबर बोलली. माझा शब्द चालणार नाही. चालेल असा शब्द आता एकाच माणसाकडं आहे. काकू, तुमची नव्वदी जवळ आली, डोळ्यांनी कमी दिसतं असं ऐकते, तेव्हा हे तुम्हाला नातवंडांकडून वाचून घ्यावं लागेल. घ्या. खाच बटणावर मारायला मी सांगितलं. ते माझं, मी ते इथं लिहून दिलंय, त्यातून सुटका मागत नाही. बटणं काढली कुणी, तुमच्या अंगणात ती आली कशी, आणि पितळ फुकट जाऊ नये म्हणून ती घासायला घेताना त्यावरच्या खाचा तुमच्या बोटाला लागल्या की नाही, ते तुमचं. आप्पांना आता त्याचा उपयोग नाही. सुमनला आहे. तिच्या सासरी जाऊन, चार माणसांत, तिच्यासमोर सांगा की तिनं बटण बरोबर फिरवलं होतं. गाडी मी पाठवते. दिवस तुम्ही कळवा.